लघुसंदेशातून सुरक्षित वाहनचालनाकडे

(जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या वतीने राष्ट्रीय सेवा योजनेच्या महाविद्यालयीन कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी भरविण्यात आलेल्या मेळाव्यातील भाषण)



रस्त्यावरील सुरक्षितता हा विषय आता कोणा एका खात्याचा राहिलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार सन २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात घडले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी १५ हजार २२४ मृत्यू आपल्या महाराष्ट्रातील होते. मृतांमध्ये १८ ते ४५ या वयोगटातील माणसांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर असे म्हटले आहे की, ५ ते २९ वर्षे वयाच्या मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूचे जगातील पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे. आईवडिलांनी वीस वर्षे वाढविलेला, शिकविलेला मुलगा किंवा मुलगी घराला हातभार लावण्याच्या उंबरठ्यावर असताना रस्त्यावर गमवावी लागते, एवढा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

आणखी एक आकडा आपण ध्यानात ठेवावा. त्याच २०२२ या वर्षी देशात जे दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले, त्यांपैकी ५० हजार २९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांतील ३५ हजार ६९२ वाहन चालवीत होते आणि १४ हजार ३३७ मागे बसलेले होते. हेल्मेट घातले असते तर हे सर्वच वाचले असते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांतील पुष्कळांना जगण्याची संधी मिळाली असती, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही.

कळते, पण वळत नाही

या मृत्यूंमागे अज्ञान आहे काय? मला तसे वाटत नाही. महाविद्यालयाच्या फाटकातून दुचाकी बाहेर काढणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. हेल्मेट घालावे, वाहन चालविताना भ्रमणध्वनी हाती घेऊ नये, मद्य प्राशन करून वाहन चालवू नये, हे त्याला पाठ असते. आपण फलक लावले, फेऱ्या काढल्या, शपथा घेतल्या. रस्ता सुरक्षा सप्ताहाचा २०२१ मध्ये महिना झाला. हे सारे योग्यच झाले. परंतु ज्ञान देण्याचे काम पुष्कळसे झाल्यावरही हेल्मेट घरच्या खुंटीवरच राहते. आपल्याकडे म्हणतात ना, कळते पण वळत नाही.

याचे कारण असे की, वाहन चालविणे ही प्रामुख्याने सवयीची बाब आहे. किल्ली फिरविताना माणूस विचार करीत नाही. काल जे केले तेच तो आज करतो. म्हणून ज्यांना तरुणांचे वर्तन बदलावयाचे आहे, त्यांनी सवय जेथे घडते तेथे, म्हणजे रोजच्या व्यवहारात, वारंवार आणि थोडे थोडे पोहोचले पाहिजे. वर्षातून एकदा दिलेल्या व्याख्यानाने हे साधणे कठीण. या कामी लघुसंदेशाचा, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘एसेमेस’चा, कसा उपयोग करता येईल, हे आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

साधन लहान, पोहोच मोठी

जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविला गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. त्यानंतर संपर्काची किती तरी नवी साधने आली, चित्रे आणि चलच्चित्रे क्षणात इकडून तिकडे जाऊ लागली. तरीही लघुसंदेशाचे स्थान गेलेले नाही. त्याला महागडा फोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वेगळे ॲप उतरवून घ्यावे लागत नाही. डोंगराळ तालुक्यातील अंधुक जोडणीवरही तो पोहोचतो.

मात्र हे साधन जसे उपयुक्त तसेच धोक्याचेही आहे, ही गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. वाहन चालविताना संदेश वाचण्यात किंवा लिहिण्यात नजर पाच सेकंद रस्त्यावरून हटली, असे समजा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या अवधीत सुमारे ८३ मीटर अंतर कापते. म्हणजे ८३ मीटर रस्ता त्या तरुणाने डोळे मिटून ओलांडला, असेच म्हणावयाचे. वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरणाऱ्यास अपघाताचा संभव सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वाहन चालविताना भ्रमणध्वनी हाती घेऊन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात मोडते.

यावरून आपल्या कार्याचा पहिला नियम आपोआपच ठरतो. सुरक्षिततेचा संदेश प्रवासाच्या वेळी कदापि पाठविता कामा नये. सकाळी महाविद्यालय भरण्याच्या सुमारास आणि सायंकाळी सुटण्याच्या सुमारास आपला संदेश खणखणला आणि तो पाहण्यासाठी एखाद्याने खिशात हात घातला, तर आपणच त्या अपघाताचे निमित्त होऊ. संदेश कोणत्या घटकेला यावा हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. तो घरी, वसतिगृहात, निवांत असेल अशी ती वेळ असावी.

उपदेश नव्हे, विचारपूस

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. संदेशात लिहावे काय? आपली पहिली प्रवृत्ती घोषवाक्य पाठविण्याची असते. ‘वेगावर नियंत्रण ठेवा, अपघात टाळा’ हे वाक्य खोटे नाही. परंतु ते वाचणाऱ्याकडून काहीच मागत नाही. बँकेच्या सूचना आणि जाहिराती यांच्या गर्दीत ते वाचल्यावाचून पुसले जाते. या बाबतीत अन्य देशांत झालेले काही प्रयोग आपणांस मार्गदर्शक ठरतील.

पहिला प्रयोग रस्त्याचा नाही, रुग्णालयाचा आहे; पण त्यातील तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात एड्सच्या विषाणूची बाधा झालेल्या ५३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी एका गटाला परिचारिकांकडून आठवड्यातून एकदा लघुसंदेश जाई. त्यात ‘औषध घ्या’ अशी आज्ञा नसे. स्वाहिली भाषेत ‘माम्बो?’ म्हणजे ‘कसे आहात?’ एवढीच पृच्छा असे. रुग्णाने दोन दिवसांच्या आत ‘ठीक आहे’ किंवा ‘अडचण आहे’ असे कळवावयाचे. अडचण असेल किंवा उत्तरच आले नाही, तर परिचारिका दूरध्वनी करून विचारपूस करी. संदेश मिळणाऱ्या गटात औषध नियमितपणे घेणाऱ्यांचे प्रमाण ६२ टक्के, तर दुसऱ्या गटात ते ५० टक्के होते. एका शब्दाच्या विचारपुशीने हे घडले, कारण त्या शब्दामागे उत्तराची वाट पाहणारे माणूस होते.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातला. तेथील रुग्णालयांच्या तातडीच्या उपचार विभागात आलेल्या आणि अतिमद्यपानाकडे झुकलेल्या ७६५ तरुणांवर तो झाला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवडे काही तरुणांना दर गुरुवारी संदेशाने विचारले जाई की, येत्या सुटीच्या दिवसांत मद्यपानाचा बेत आहे काय. असल्यास स्वतःला मर्यादा घालून घेण्यास तयार आहात काय. रविवारी पुन्हा विचारणा होई की, प्रत्यक्षात काय घडले. आलेल्या उत्तराला अनुरूप असे प्रत्युत्तरही जाई. या गटातील अतिमद्यपानाचे दिवस कमी झाले. ज्यांना केवळ प्रश्न विचारले गेले, पण प्रत्युत्तर मिळाले नाही, त्या गटात मात्र अशी घट झाली नाही. आपल्या कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असलेल्या माणसाने वाहन चालविणे हा गुन्हा ठरविला आहे. अशा स्थितीत शनिवारच्या मेजवानीआधी गुरुवारी मिळालेल्या वचनाचे मोल काय आहे, हे आपण जाणताच.

तिसरा प्रयोग प्रत्यक्ष वाहनचालनाचा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वाहनविम्याच्या दीड हजारांहून अधिक ग्राहकांवर केलेला हा अभ्यास २०२४ मध्ये प्रकाशित झाला. वाहन चालविताना हे ग्राहक भ्रमणध्वनी किती वेळ हाताळतात, याची नोंद त्यांच्या फोनमधूनच होत होती. केवळ माहिती दिल्याने किंवा फोन अडकवून ठेवण्याचे साधन मोफत दिल्याने विशेष फरक पडला नाही. परंतु ज्यांना दर आठवड्याचे उद्दिष्ट ठरवून दिले, त्याचा हिशेब कळविला आणि इतरांशी खेळीमेळीची चढाओढ लावून दिली, त्यांचा फोनचा वापर सुमारे २० टक्क्यांनी घटला. सोबत माफक रोख बक्षीस ठेवले तेव्हा ही घट सुमारे २८ टक्के झाली आणि प्रयोग संपल्यावरही सवय टिकून राहिली.

या तिन्ही प्रयोगांचे सार मी असे काढतो : संदेशाने प्रश्न विचारावा, लहानसे वचन घ्यावे, ठरलेल्या दिवशी त्याचा हिशेब मागावा आणि उत्तराला उत्तर द्यावे. यांतील एक जरी कडी गळाली, तरी संदेश पुन्हा घोषवाक्याच्या पातळीवर येतो.

सत्तर अक्षरांचे बंधन

मराठीतून संदेश लिहिणाऱ्याने एक तांत्रिक बाब समजून घेणे अगत्याचे आहे. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० चिन्हे मावतात. देवनागरीत मात्र ७० च मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार ही सर्व चिन्हे स्वतंत्रपणे मोजली जातात. ‘हेल्मेट’ हा लहानसा दिसणारा शब्द सात जागा अडवितो. मर्यादा ओलांडली की एका संदेशाचे दोन होतात आणि खर्चही त्या प्रमाणात वाढतो.

म्हणून कोणी इंग्रजीचा किंवा रोमन लिपीतील मराठीचा आश्रय घ्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. थोडक्यात बोलणे हा आपल्या भाषेचा स्वभावच आहे. उदाहरणादाखल गुरुवारी रात्री पाठविण्याचा हा संदेश पाहा : ‘उद्या कॉलेजला जाताना हेल्मेट घालणार ना? हो किंवा नाही कळवा.’ रविवारचा संदेश असा : ‘या आठवड्यात किती दिवस हेल्मेट घातले? आकडा कळवा.’ आणि त्यावरील प्रत्युत्तर असे : ‘मागच्या आठवड्यात तीन दिवस, या आठवड्यात पाच. आता सहा जमतील?’ हे तिन्ही ६० चिन्हांच्या आत आहेत. यांत धाक नाही, मृत्यूचे भेसूर वर्णन नाही, थोरपणाचा आवही नाही. घरातील वडील भावाने किंवा ताईने विचारावे तसे विचारले आहे.

मागे बसणाऱ्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. वस्तुतः कायद्याने हेल्मेट चालविणाऱ्यास आणि मागे बसणाऱ्यास सारखेच बंधनकारक आहे. आणि वेगाला आवर घालण्यास सांगू शकणारा सर्वांत जवळचा माणूस म्हणजे हा मागे बसलेला मित्रच. केनियातील लहान प्रवासी गाड्यांत चालक बेफामपणे गाडी चालवू लागल्यास प्रवाशांनीच त्याला हटकावे, असे आवाहन करणारी चिठ्ठी चिकटविण्यात आली होती. त्या गाड्यांच्या विम्याचे दावे निम्म्याहून कमी झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा एखादा संदेश असाही असावा : ‘मागे बसलात तरी हेल्मेट तुमचेच. मित्र वेगात असेल तर थांबवाल?’

शिकाऊ परवान्याचे सहा महिने

हे कार्य केव्हा सुरू करावे? माझ्या मते शिकाऊ परवाना हाती पडतो तोच यासाठी उत्तम मुहूर्त होय. हा परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्यासाठी निदान तीस दिवसांनी अर्ज करता येतो. सवयी घडण्याचा काळ हाच. एकदा वाईट सवय जडल्यावर ती सोडविण्यापेक्षा ती जडूच न देणे अधिक सोपे. अर्जासोबत भ्रमणध्वनीचा क्रमांक दिलेला असतो. उमेदवाराने स्वेच्छेने संमती दिल्यास पुढील चोवीस आठवडे त्याच्याशी हा संवाद चालविता येईल.

या कामी आपली, म्हणजे कार्यक्रम अधिकाऱ्यांची, भूमिका मोलाची आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिचे एक पथक साधारणतः शंभर स्वयंसेवकांचे असते. शंभर विद्यार्थ्यांना पाठवावयाचे संदेश यंत्राने जातील. परंतु ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या किंवा अबोल राहणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलण्यास माणूसच हवा. दोन-तीन आठवडे एखाद्याकडून उत्तर आले नाही, तर वर्गाबाहेर त्याला गाठून, ‘काय रे, हेल्मेट घेतलेच नाहीस की काय?’ असे विचारणारा अध्यापक हवा. त्याच्याकडे हेल्मेट विकत घेण्याइतके पैसे नसतील, किंवा दुचाकी थोरल्या भावाची असेल आणि हेल्मेट भावाबरोबर कामावर जात असेल. अशी अडचण संदेशातून कळते, पण सुटते ती माणसाकडूनच.

काही पथ्ये कसोशीने पाळावी लागतील. सहभाग पूर्णतः ऐच्छिक असावा आणि तो केव्हाही सोडण्याची मोकळीक असावी. विद्यार्थ्याने दिलेले उत्तर दंडवसुलीसाठी कदापि वापरले जाऊ नये; पोलीस खात्यातील मित्रांनी ही हमी जाहीरपणे द्यावी, अशी माझी विनंती आहे. ‘या आठवड्यात एकदाही घातले नाही’ असे खरे सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढच्या आठवड्यापासून सर्वच जण खोटे सांगू लागतील. उत्तर पाठविण्याचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पाठविणाऱ्याचे नाव व संदेशांचे नमुने आधी नोंदवावे लागतात, ते नोंदवून घ्यावेत. आणि संदेशात कोणताही दुवा नसावा. ई-चलनाच्या नावाने बनावट दुवे पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार आपण ऐकले आहेत. सरकारी संदेशातील दुवा दाबू नये असे एकीकडे सांगावयाचे आणि दुसरीकडे आपणच दुवा पाठवावयाचा, हे विसंगत होईल.

फळ मोजावे कसे?

चांगल्या हेतूने सुरू झालेले पुष्कळ उपक्रम हिशेबाअभावी ओसरतात. म्हणून फळ मोजण्याची व्यवस्था आरंभीच करावी. केवळ विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर विसंबू नये. माणूस स्वतःविषयी थोडे चांगलेच सांगतो. महाविद्यालयाच्या फाटकाशी महिन्यातून दोनदा, आधी न कळविता, स्वयंसेवकांनी अर्धा तास उभे राहावे आणि आत येणाऱ्या दुचाकींवरील किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, त्याचा पट्टा नीट बांधला आहे काय, मागे बसणाऱ्याचे काय, एवढे मोजावे. वाहनाचा क्रमांक किंवा कोणाचे नाव टिपून घेण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील निम्म्या महाविद्यालयांत पहिल्या सहामाहीत आणि उरलेल्यांत दुसऱ्या सहामाहीत उपक्रम सुरू केला, तर पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही गटांची तुलना आपोआपच होईल. फरक दिसला तर शासनापुढे आत्मविश्वासाने जाता येईल; न दिसला तर संदेशांची भाषा, वेळ किंवा पद्धत बदलता येईल.

एक खुलासा केल्यावाचून मी थांबू शकत नाही. लघुसंदेश हा रस्त्यावरील खड्डा बुजवीत नाही, अंधाऱ्या वळणावर दिवा लावीत नाही, की जखमीला वेळेवर रुग्णालयात नेत नाही. अभियंत्याचे, पोलिसाचे आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचे काम त्याने हलके होत नाही. अपघाताचा सारा दोष तरुणांच्या माथी मारण्यासाठी तर त्याचा उपयोग मुळीच होऊ नये. परंतु रस्ता कितीही चांगला झाला, तरी हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा बांधण्याचे आणि फोन पिशवीत टाकण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. त्या क्षणी शेजारी ना शिक्षक असतो, ना पोलीस, ना आईवडील. आदल्या रात्री स्वतःच दिलेला ‘हो’ हा एवढा एकच शब्द त्याच्यासोबत असू शकतो.

तो शब्द त्याच्याकडून मिळविणे आणि त्याची आठवण ठेवणे, हे कार्य आपल्या हाती आहे. येत्या सत्रापासून आपल्या प्रत्येक महाविद्यालयातील एका पथकाने, शंभर विद्यार्थ्यांपुरता का होईना, हा उपक्रम हाती घ्यावा, अशी आग्रहाची विनंती करून मी आपली रजा घेतो.